दफ्तर कुठे ठेवावे? सिंहगडाचा पायथा, लालबागची तिजोरी आणि कार्यालयातला 'नास'

१/
गिरगावातील वकिलाचे कार्यालय, दादरची एखादी प्रकाशनसंस्था, परळमधील सीएची कचेरी, लालबागची पतपेढी. या सर्वांपुढे आज एक समान प्रश्न उभा आहे. कार्यालयासाठी 'नास' कोणता घ्यावा? दोन डिस्कांचा की चार डिस्कांचा? किती टेराबाइटचा? प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. दफ्तर कुठे ठेवावे, म्हणजे ते उरेल? महाराष्ट्राच्या इतिहासाने या प्रश्नाची उत्तरे दिली आहेत. काही उत्तरांची किंमत फार मोठी होती. आजचा थ्रेड त्यांविषयी.

२/
आधी संज्ञा स्पष्ट करू. नास म्हणजे कार्यालयातील सर्व संगणकांना जाळ्यावरून दिसणारे सामाईक कपाट. ही एक छोटी पेटी असते. तिच्यात दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क बसवतात आणि ती राउटरला जोडतात. मग प्रत्येकाच्या संगणकात विखुरलेल्या फायली एका जागी येतात. कोणी काय पाहावे, कोणी काय बदलावे, हे ठरवता येते. जुन्या भाषेत सांगायचे तर हा कार्यालयाचा दफ्तरखाना होय.

३/
'दफ्तर' हा शब्द फारसीतून आला आणि मराठी कारभारात कायमचा रुजला. कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधून ठेवत. त्या बासनाला 'रुमाल' म्हणत. पेशव्यांच्या दफ्तरातील हजारो रुमाल आज पुणे पुराभिलेखागारात आहेत. त्यांतून निवडलेले कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापले गेले. मात्र जे आज आपल्या हाती आहे, ते सगळे नव्हे.

४/
१७६३ सालची गोष्ट. थोरले माधवराव आणि राघोबादादा निजामाच्या मुलखात मोहिमेवर असताना निजामअलीची फौज पुण्यावर चालून आली. शहरातील माणसे आणि मौल्यवान वस्तू आसपासच्या किल्ल्यांकडे हलवल्या गेल्या. सिंहगड हा त्यातला मोठा आसरा. निजामाच्या एका तुकडीने सिंहगडाखालचे गाव पेटवले. त्या आगीत मराठ्यांच्या इतिहासाचे अनेक राजकीय कागद नष्ट झाले, अशी नोंद ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या ग्रंथात केली आहे.

५/
येथे क्षणभर थांबू. दफ्तर हलवणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असे म्हणता येत नाही. पुण्यापेक्षा सिंहगडाचा परिसर सुरक्षित, हा त्यांचा हिशेब त्या काळी रास्तच होता. पण जळालेल्या कागदांपैकी ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, ते इतिहासातून पुसले गेले. जागा कितीही विचारपूर्वक निवडली, तरी एकुलता कागद त्या एका जागेच्या नशिबाशी बांधला जातो.

६/
मग मराठ्यांचा इतिहास एवढ्या तपशिलाने आपल्याला कळतो कसा? याचे उत्तर शिवकालीन व त्याआधीच्या कारभाराच्या एका नित्याच्या सवयीत आहे. इनामाचे किंवा वतनाचे पत्र गावी आले, की त्याची 'तालीक' म्हणजे नक्कल स्थानिक अधिकाऱ्यांनी उतरवून घ्यावी आणि 'असल' धन्याकडे परत द्यावे, असा हुकूम अनेकदा त्या पत्राच्या शेवटीच लिहिलेला असे. नक्कल काढणे हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. ते पत्राच्या अंमलबजावणीचाच भाग होते.

७/
दुसरी सवय नोंदीची. सरकारातून निघालेले पत्र नोंदवहीत, म्हणजे 'बारनिशी'त चढे, आणि तसा शेरा पत्रावर येई. पत्र हरवले तरी ते निघाले होते, हे नोंद सांगे. बनावट पत्र कोणी पुढे केले, तर नोंदीअभावी ते उघडे पडे. आजच्या नासमध्ये 'लॉग' असतो. कोणत्या वापरकर्त्याने कोणती फाईल केव्हा उघडली, बदलली, पुसली, हे तो नोंदवतो. बारनिशीचे काम आणि लॉगचे काम यांत तत्त्वतः फरक नाही.

८/
या विखुरलेल्या नकलांचे मोल पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जाणले. गावोगाव पायपीट करून त्यांनी देशपांडे, कुलकर्णी, सरदार, भिक्षुक यांच्या घरांतील दफ्तरे धुंडाळली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि माला २२ खंडांपर्यंत गेली. राजधानीतील दफ्तराला जे धक्के बसले, ते खेड्यातील माळ्यावरच्या पेटाऱ्याला बसले नव्हते. कागद अनेक जागी विखुरलेले होते, म्हणून शोधणाऱ्याला ते सापडले.

९/
आता मुंबईकडे येऊ. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातील, म्हणजे आजच्या फोर्टमधील, वस्तीला भीषण आग लागली. दाट वस्ती, लाकडी घरे आणि व्यापाऱ्यांच्या वखारी यांचा मोठा भाग तीत भस्मसात झाला. पुढे १८२१ साली मुंबई सरकारचे अभिलेख कार्यालय स्थापन झाले. तेच आजचे महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. त्याचा मुंबईतील संग्रह काळा घोडा येथील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. सरकारला दफ्तरखाना मिळाला. पण बाजारातल्या पेढीने आपली वही कुठे ठेवावी?

१०/
त्या प्रश्नाचे उत्तर लालबागेत घडले. ७ मे १८९७ रोजी अर्देशीर गोदरेज यांनी लालबागमध्ये, गॅस कंपनीच्या शेजारी, एका लहानशा शेडमध्ये कुलपे बनवण्यास आरंभ केला. १९०२ पासून ते तिजोऱ्या बनवू लागले. १९२३ साली पोलादी कपाट आले. पुढे मराठी घरात आणि कचेरीत 'गोदरेज' हा शब्द कपाटाचाच पर्याय झाला. विलायती तिजोऱ्यांच्या बाजारपेठेत गिरणगावातील एका शेडने उभी केलेली ही स्पर्धा होती.

११/
अग्निरोधक तिजोरी काम कसे करते? तिच्या भिंती दुहेरी असतात. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत उष्णता अडवणारा मसाला भरलेला असतो. अशा मसाल्यात बहुधा पाण्याचा अंश रासायनिकरीत्या बांधलेला असतो. आग भडकली की त्याची वाफ होते. त्या क्रियेत उष्णता खर्ची पडते आणि आतले तापमान सावकाश चढते. म्हणजे तिजोरी आगीला कायमची रोखत नाही, ती वेळ मिळवून देते. बंब येईपर्यंतचा एक-दोन तासांचा अवधी हेच तिचे खरे देणे.

१२/
या देण्याची परीक्षा १४ एप्रिल १९४४ रोजी झाली. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र होती. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो.

१३/
गोदीलगतच्या वखारी आणि पेढ्या जळाल्या. त्या राखेतून बाहेर काढलेल्या आपल्या तिजोऱ्यांमधील ऐवज शाबूत निघाला, असे गोदरेज कंपनीचा इतिहास सांगतो. ज्या व्यापाऱ्याची खातेवही अशी वाचली, त्याची येणी वाचली. ज्याची वही उघड्या फळीवर होती, त्याने आपले येणे कोणत्या पुराव्यावर मागावे? दफ्तर जळणे म्हणजे केवळ कागद जळणे नसते. त्या कागदावर उभे असलेले हक्क जळतात.

१४/
मग नास किंवा बॅकअपची डिस्क थेट तिजोरीत ठेवली तर? येथे अनेकांची गफलत होते. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेच्या कसोटीनुसार कागदासाठीच्या तिजोरीचे आतले तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. चुंबकीय फितींसाठी ही मर्यादा ६६ अंश आणि फ्लॉपीसारख्या माध्यमांसाठी केवळ ५२ अंश आहे. शिवाय भिंतीतून सुटणारी वाफ कागदाला सोसते, नाजूक माध्यमाला नाही. कागद वाचवणारी तिजोरी माहितीही वाचवील, असे मानू नये.

१५/
मुंबईत माहिती यंत्राच्या स्मृतीत शिरली ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तेथे रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बनलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची फेराइट स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. हिशेब केला तर केवळ १० किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेले मोडी पत्राचे एक छायाचित्र सहज ३ मेगाबाइटचे असते. त्यासाठी असे सुमारे ३०० टिफ्रॅक लागले असते.

१६/
नासचा जन्म मात्र जाळ्यातून झाला. १९८३ च्या सुमारास नॉव्हेल कंपनीच्या 'नेटवेअर'ने कार्यालयातील छोट्या संगणकांना सामाईक साठा दिला. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने 'एनएफएस' ही पद्धत आणली. दूरच्या यंत्रावरील फाईल आपल्याच यंत्रावर असल्यासारखी उघडू लागली. १९९२ साली स्थापन झालेल्या नेटअ‍ॅप कंपनीने फक्त फायली सांभाळणारे यंत्र हाच व्यवसाय केला. आज टेबलावर मावणारी पेटी ही त्याच घराण्यातली धाकटी पाती.

१७/
१९८८ साली बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड' ही कल्पना मांडली. महाग आणि मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्यात आणि एखादी बिघडली तरी काम चालू राहावे, हा तिचा गाभा. सोपे उदाहरण घेऊ. पहिल्या डिस्कवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. दुसरी डिस्क मेली, तरी १२ मधून ७ वजा करून ५ पुन्हा मिळतात. प्रत्यक्षातील गणित द्विमान अंकांचे असते, पण युक्ती हीच.

१८/
या युक्तीची किंमत जागेत मोजावी लागते. ४ टेराबाइटच्या चार डिस्का घेतल्या, तर रेड ५ मध्ये वापरायला सुमारे १२ टेराबाइट मिळतात आणि एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये ८ टेराबाइट मिळतात आणि दोन गेलेल्या चालतात. दोनच डिस्का असतील, तर रेड १ मध्ये एकीचे प्रतिबिंब दुसरीवर पडते आणि ४ टेराबाइट हाती येतात. खरेदीपूर्वी पेटीवर छापलेला आकडा न पाहता हा आकडा काढावा.

१९/
पण येथेच १७६३ आठवावे. रेडमधील चारही डिस्का एकाच पेटीत, एकाच टेबलावर, एकाच विजेच्या प्लगवर असतात. चुकून पुसलेली फाईल चारही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. डिस्क बिघडल्यास काम थांबू नये, यासाठी रेड आहे. तो बॅकअप नव्हे. सिंहगडाच्या पायथ्याशी दफ्तर चार पेटाऱ्यांत विभागून ठेवले असते, तरी आगीपुढे त्याचा काय उपयोग झाला असता?

२०/
आपल्या शहरातील दाखले ताजे आहेत. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांपर्यंत पसरली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि अनेक विभागांच्या फायली जळाल्या. त्यानंतर नष्ट झालेल्या फायली इतर कार्यालयांतील प्रतींवरून पुन्हा उभ्या करण्याचे काम हाती घ्यावे लागले. ज्या कागदाची प्रत जिल्ह्याला गेली होती, तो परत मिळण्याची आशा होती. तालीक आणि असल यांचे नाते येथेही तेच.

२१/
पाण्याचा दाखला २६ जुलै २००५ चा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला सुमारे ७४. एकाच शहरात, एकाच दिवशी. म्हणजे उपनगरातील बुडालेल्या कार्यालयाची एक प्रत कुलाब्याला असती, तर ती कोरडी राहिली असती. हिंदमाता आणि परळचा सखल भाग तर दर पावसाळ्यात तुंबतो. तेथील तळमजल्यावर नास जमिनीलगत ठेवणे म्हणजे दफ्तर ओढ्यात ठेवणे.

२२/
विजेचा दाखला १२ ऑक्टोबर २०२० चा. दक्षिण मुंबईत वीज जात नाही, हा आपला जुना अभिमान. त्या दिवशी ग्रिड कोसळले, लोकल थांबल्या आणि मुंबईबरोबर ठाणे व नवी मुंबईही अंधारात गेली. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर फायलींची रचना बिघडू शकते. म्हणून नासला यूपीएस हवा, आणि वीज गेल्याचे कळताच नास स्वतःहून नीट बंद होईल अशी जोडणी हवी. दुसरी प्रत मुंबई महानगराबाहेर असावी, हेही त्या दिवसाने दाखवले.

२३/
चौथा धोका तारेवरून येतो. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या साठवण-पेट्यांतील माहिती जगभर एकाएकी पुसली गेली. त्या इंटरनेटला जोडलेल्या होत्या आणि त्यांची सुरक्षा-अद्यतने २०१५ सालीच थांबली होती. खरेदी करताना म्हणूनच विचारावे, ही पेटी आणखी किती वर्षे अद्यतने मिळवील? आणि ती थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये. लालबागच्या कुलपाची किल्ली दारालाच लटकवून कोणी जात नसे.

२४/
हा विषय केवळ कार्यालयांपुरता नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात गिरणगावातील सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. गिरणीच्या जमिनीवरील घरांसाठी म्हाडाने अर्ज मागवले, तेव्हा लाखाहून अधिक कामगार व वारस पुढे आले. आपण गिरणीत होतो, हे त्यांना सिद्ध करावे लागले. त्यासाठी हवे होते तिकीट क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीची पावती, ईएसआयचे कार्ड. पत्र्याच्या ट्रंकेतील एका जीर्ण कागदावर घर अवलंबून होते.

२५/
आता निवडीचे सूत्र मांडू. पहिला प्रश्न: आज किती माहिती आहे आणि पाच वर्षांत किती होईल? दुसरा: एक डिस्क गेल्यास काम किती तास थांबलेले चालेल? तिसरा: कोणाला कोणत्या फायली दिसाव्यात, आणि लॉग ठेवला जातो का? चौथा: जुनी अवस्था परत आणणारे 'स्नॅपशॉट' आहेत का? पाचवा आणि निर्णायक: बाहेरगावच्या दुसऱ्या जागी आपोआप प्रत पाठवता येते का? डिस्का चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या घ्याव्यात. पैसा कमी असेल, तर पेटी साधी घ्यावी, पण दुसऱ्या प्रतीवर काटकसर करू नये.

२६/
प्रचलित नियम असा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. त्याला एक जोड हवी. दर तिमाहीत प्रतीतून एखादी फाईल खरोखर परत काढून उघडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप हा न वाचलेल्या रुमालासारखा असतो. आत काय आहे, हे गरज पडेपर्यंत कळत नाही, आणि गरज पडते तेव्हा वेळ गेलेली असते.

२७/
आणखी एक धडा मोडी लिपीचा. मोडीतील कोट्यवधी कागद शाबूत आहेत, परंतु ते वाचणारे थोडे उरले. माध्यम टिकले, वाचनाची परंपरा क्षीण झाली. संगणकातही असेच घडते. ज्या कंपनीच्या प्रणालीशिवाय फाईल उघडत नाही, ती कंपनी गेली की फाईल मुकी होते. म्हणून दीर्घकाळ ठेवायचे दस्तऐवज पीडीएफ, टिफ किंवा साधा युनिकोड मजकूर अशा सर्वत्र वाचता येणाऱ्या स्वरूपात ठेवावेत आणि फायलींना तारीख व विषय सांगणारी नावे द्यावीत.

२८/
मुंबईतील जुन्या संस्था या मार्गाने निघाल्या आहेत. एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' या उपक्रमातून आपले दुर्मिळ ग्रंथ अंकीय स्वरूपात उपलब्ध केले. टाऊन हॉलच्या पायऱ्या न चढताही ते पान आता गडचिरोलीतील विद्यार्थ्याला वाचता येते. मूळ ग्रंथाचे मोल त्याने कमी होत नाही. उलट त्याची हाताळणी कमी होते आणि आयुष्य वाढते.

२९/
इतिहासप्रेमी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांकडे गडांची छायाचित्रे, मोडी कागदांचे स्कॅन, आजोबांच्या गिरणीची कार्डे एखाद्या एकाकी पेनड्राइव्हवर पडलेली असतील. या रविवारी ती बाहेर काढा. एक प्रत घरी ठेवा, दुसरी गावच्या काकांकडे किंवा क्लाउडवर पाठवा. कोणाचा मूळ कागद स्कॅनसाठी आणला असेल, तर तालीक उतरवून असल त्यांना परत द्या. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा हुकूम अजून लागू आहे.

थ्रेड समाप्त.